कुसुमताईले दिलेली पन्नास झाडं

हे मी आजवर कोणाजवळच बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. किन्हीराजाच्या विहारात ज्या बायायसोबत मी तीस वर्षं बसली, त्यायच्याजवळ तर नाहीच नाही. तुले सांगून राह्यली, कारण तू मले वळखत नाहीस. अन् तुह्या घरी संत्र्याची बाग नसन, असं मी धरून चालते. असली तर — असू दे. ऐक.

पौर्णिमेले आमी विहारात पंचशील म्हणतो. पहिलं, दुसरं, तिसरं शील मी ठणठणीत आवाजात म्हणते. चौथं आलं, खोटं न बोलायचं, की माही जीभ अडते. बाजूची बाई म्हणते, सुभद्राबाईले आता दम लागते. दम कायचा लागते! पण मी मान हलवते, अन् तिले तसंच समजू देते. म्हणजे खोटं न बोलायची शपथ घेता घेताच एक खोटं. पाह्य, कशी आहे मी.

आता लोक मले काय म्हणतात ते बी ऐकून घे, म्हणजे पुढचं नीट समजन. मालेगावच्या अंगाले कोणालेही विचार — संत्र्याचं कलम कोणाच्या हातचं घ्यावं? सुभद्राबाईच्या. हा भाग वाशीमचा, पण तवा जिल्हा अकोलाच होता. त्या साऱ्या मुलखात हातात कलमाचा चाकू घेणारी पहिली बाई मीच, असं लोक म्हणतात. असन बी. डोळा भरायले मी हुशार होती, हे काही लटकं नाही. लटकं वेगळंच आहे.

डोळा भरणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. संत्र्याचं बी लावून चांगली बाग होत नाही. पैले जंबेरीचं रोप वाढवायचं. जंबेरी म्हणजे ते खडबडीत सालीचं, आंबटढाण फळ. त्याचं मूळ लय चिवट. रोप बोटाएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चाकूनं चीर मारायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, अन् केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधायचा. डोळा जगला की त्याच्यातून संत्र्याची फांदी फुटते. वरचा जंबेरीचा शेंडा कापून टाकायचा. खाली जंबेरीचं मूळ, वर संत्रा. अन् डोळा मेला तर? तर बाजूनं जंबेरीच फुटते. कोणाच्याही हातचे शंभरात दहा-बारा मरतातच. ते आमी वळीतून, म्हणजे रांगेतून, काढून बांधाकडं वेगळे लावत होतो, पुढच्या थंडीत पुन्हा डोळा भरायले.

अडाणी माणसाले दोन्ही सारखेच दिसतात. कापलेला शेंडा, बाजूनं आलेली फांदी. जाणत्यानं पान चोळून वास घेतला तर फरक समजते. नाही तर मंग फळ आल्यावरच. चार-पाच वर्षांनी. हे मनात ठेव.

मालेगावच्या रस्त्याले ती नर्सरी होती. मालक वाशीमले राहत, अन् सारा कारभार महादेवजीच्या हातात होता. महादेवजी म्हणजे मुख्य माळी. पन्नाशीच्या वरचा माणूस, डोक्यावर पांढरा रुमाल, तोंडात सुपारी. मी तिथं रोजानं होती. रोपाच्या मुळाशी मातीचा गोळा धरायचा अन् गवतात बांधायचा, हे बायायचं काम. चाकू माणसायच्या हातात. बायायसाठी आणखीन एक नेम होता. महिन्याच्या चार दिवसांत कलमाच्या वळीत पाय ठेवायचा नाही. सावली पडली तर डोळा मरते म्हणे. आमी बांधावर बसून गवत निवडत होतो.

आता मुद्द्यावर येते. महादेवजीची नजर गेली होती.

एकाएकी नाही गेली. पैले त्यायच्या हातचे डोळे लय मरायले लागले. मले ते दिसून राह्यलं होतं, कारण मेलेली रोपं बांधाकडं नेणारी मीच. एक दिवस त्यायनं चिरेत डोळा उलटा बसवला. मी तो सोडवून सरळ करून दिला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं — म्हणजे मी जिथं उभी होती त्या बाजूले तोंड केलं — अन् हळूच म्हणाले, "सुभद्रे, मालकाले सांगू नको वं." डोळ्याच्या आपरेशनले ते इतके भेत होते की नावच काढू देत नोहते. अन् काम गेलं तर जायचं कोठी?

त्या दिवसापासून डोळे मी भरले. कुडाच्या आड बसून, त्यायच्याच चाकूनं. ते बाजूले बसत, कोणी आलं की मी चाकू त्यायच्या हातात ठेवी. दोन वर्षं. त्यायनं शिकवलं, मी शिकली. शिकवलं मात्र जीव लावून, हे नाकारत नाही. अन् त्या चार दिवसांत बी मी डोळे भरले. त्यायले ते ठाऊक होतं. एकदा मी सांगतलं बी, तर म्हणाले, झाडाले काय समजते. मले किती बरं वाटलं असन, सांग! मले वाटलं, या माणसाले मी वळखते.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी, फाल्गुनात, मालकानं नर्सरीत झाडायची मोठी विक्री ठेवली. दर वसंतात होत होती, पण त्या साली मांडव, भोंगा, अन् बाहेरून तज्ज्ञ बोलावलेले. मोगरा, गुलाब, लिंबू, पेरू, अन् मुख्य म्हणजे संत्रा. विहिरीले पाणी असणारे लोक त्या महिन्यात बी कलमं लावत. मानोऱ्याकडून, वाशीमकडून माणसं आली, एसट्या भरभरून आली. मांडवात एका साहेबाचं भाषण झालं, आळं कसं करावं. दुसऱ्याचं झालं, खत केव्हा घालावं. तिसरे अकोल्याकडून आलेले, फळबागेचे साहेब. त्यायनं आमच्या वळीतलं एक कलम उचलून साऱ्यायले दाखवलं, अन् म्हणाले, इतका सफाईदार जोड मी लय दिवसांनी पाह्यला. हे कोणी भरलं?

महादेवजी उठले. टाळ्या पडल्या. साहेबांनी त्यायले शाल अन् नारळ दिला.

इथवर मले काही वाटलं नाही. खरंच नाही. हे तर ठरलेलंच होतं, आमच्या दोघायचंच होतं. मी मांडवाच्या कडेले गोळे बांधत होती अन् मनात हसत होती.

मंग एक बाई उठली. बायायच्या बाजूनं ती एकटीच बसली होती, मांडीवर कागद अन् पेन्सिल. ह्या कुसुमताई. त्यायचं वावर किन्हीराजाच्या रस्त्यालेच होतं, एसटीतून दिसे. नवरा नोकरीवर परगावी, वावर सासऱ्याच्या हाती. कुसुमताईनं साहेबाले विचारलं, "बायायनं डोळा भरला तर चालते का? मले शिकायचं आहे." साहेब हसले, म्हणाले, आमच्यापेक्षा महादेवजीलेच विचारा.

महादेवजीनं शाल सावरली. भोंगा त्यायच्या तोंडापुढं होता. म्हणाले, "बाईचा हात लागला की डोळा मरते, ताई. हे आमची सुभद्रा, इतके वर्षं झाले, गोळे बांधते. हिले मी चाकूले शिवू बी देत नाही. एक दिवस शिवली असती तर हे सारी वळ जळाली असती!"

सारा मांडव हसला. साहेब हसले. माह्यासंगं रोजानं असलेल्या बाया बी हसल्या. अन् मी? मी बी हसली. ओठ ताणून हसली, हातात मातीचा गोळा धरून. कुसुमताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गुमान खाली बसल्या अन् कागदावर काहीतरी लिहिलं.

काय गरज होती, सांग? त्यायले शाल भेटली होती, नारळ भेटला होता. "शिकता येते" इतकं म्हणले असते तर काय बिघडलं असतं? माहं नावच घ्यायची काय गरज होती? माह्या हाताचं ते खात होते, अन् भोंग्यावरून माह्याच हाताले विटाळ लावला. माह्या अंगाची लाही झाली. मी उठून सांगू शकत होती, आणा चाकू, इथंच भरून दाखवते. नाही उठली. मले तसा बदला नोहता पाहिजे. त्यानं ते एक दिवस शरमले असते, अन् चार दिवसांनी लोक विसरले असते. मले त्यायचं नाव सडवायचं होतं. हळूहळू, मुळापासून.

दुपारी विक्री चालू झाली. कुसुमताई आल्या, पन्नास संत्रे पाहिजे म्हणाल्या. महादेवजीले म्हणाल्या, बाबा, तुमच्या हातानं निवडून द्या, तुमचा भरवसा आहे. अन् सांगत्या झाल्या, सासऱ्याशी भांडून अर्धा एकर घेतला आहे, विहिरीजवळचा. सासरे म्हणतात, पाच वर्षं देतो. फळ आलं तर बाग तुही, जन्मभर तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आलं तर पुन्हा तूर पेरीन अन् तू चुलीपुढं बस. हे त्यायनं हसत सांगतलं. मी तीन हातावर उभी होती. सारं ऐकलं.

महादेवजी साऱ्यायपुढं म्हणाले, "ह्या पन्नास झाडायचा जिम्मा माहा." अन् मले म्हणाले, "सुभद्रा, काढ पन्नास. चांगले पाहून काढ." नजरच नोहती, ते काय निवडणार?

मी बांधाकडं गेली. मेलेल्या डोळ्यायची रोपं होती, त्या वळीत.

हे चुकून नाही झालं. घाईत नाही झालं. एकेक पाह्यला, चांगला हिरवागार, जोमदार जंबेरी. पन्नास मोजले. मातीचे गोळे धरले, गवतात बांधले, रोजच्याहून नीट बांधले. ज्याच्या बुडातून काटेरी फुटवा दिसत होता, तो चिमटून टाकला. महादेवजीनं वरून हात फिरवला, एखादं पान चोळलं असतं तर त्यायले तिथंच समजलं असतं. पण ते शालीत होते, अन् लोक पाया पडून राह्यले होते. "घ्या ताई, माह्या हातचे आहेत," असं ते म्हणाले. मी छकड्यात झाडं चढवून दिली. कुसुमताई मले म्हणाल्या, तुमाले वाईट वाटलं असन ना वं, मांडवात? मी म्हणलं, मले काहून वाईट वाटन?

त्या बाईनं माहं मन वळखलं होतं. साऱ्या मांडवात एकटीनं. अन् तिचीच पाच वर्षं मी जंबेरीत घातली. तिले मी विसरली होती, असं म्हणू का? नाही. मले सारं ठाऊक होतं. मले फक्त तिच्यापेक्षा महादेवजी जास्त दिसून राह्यले होते.

मंग मी वाट पाहत बसली. तुले खोटं वाटन, पण ते दिवस माहे सुखाचे होते. रोज एसटीच्या खिडकीतून मी कुसुमताईचा अर्धा एकर पाहत होती. झाडं गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली. जंबेरी लवकर वाढते. लोक म्हणत, काय जोर आहे झाडाले! मी मनात म्हणे, वाढा. महादेवजीसाठी वाढून राह्यले तुमी. नर्सरीत मी त्यायच्या बाजूले बसून डोळे भरी, त्यायले पाणी देई, काठी हातात देई. इतकं गोड वागली मी, की ते साऱ्यायले म्हणत, लेकीसारखी आहे.

दुसऱ्या वर्षी कुसुमताई नर्सरीत आल्या. त्या दिवशी महादेवजी घरी होते. मले म्हणाल्या, झाडाले काटे लय येऊन राह्यले, पानं बी रुंद दिसतात, दुसऱ्याच्या बागेत पाह्यले तर तसे नाहीत. काही चुकलं का माहं?

ऐकून राह्यली ना तू? इथं थांब जरा. कारण पैलेचं पाप रागाच्या भरात झालं म्हणून तू मले सोडून देशीन बी. पण आता राग निवला होता. अन् उपाय एका दिवसाचा होता. मी चाकू अन् चांगल्या संत्र्याच्या चार काड्या घेऊन त्यायच्या वावरात गेली असती, पन्नास झाडायले पुन्हा डोळे भरले असते, कोणाले काही समजलं नसतं. पाच वर्षांत नाही तर सहा वर्षांत फळ आलं असतं. सासऱ्याले एका वर्षासाठी समजावता आलं असतं. इतकंच. एक दिवस.

मी म्हणलं, "जोमात आहेत म्हणून काटे येतात, ताई. चांगली खूण आहे."

त्यायचं तोंड फुललं. मले म्हणाल्या, तुमी सांगतलं, आता जिवाले बरं वाटलं. हेच ते. हेच मी कोणाले सांगतलं नाही. पन्नास झाडं महादेवजीवरच्या रागानं दिली. पण हे एक वाक्य कुसुमताईले मी थंड डोक्यानं दिलं, कारण पिकत आलेला बदला मले मोडायचा नोहता.

पाचव्या वर्षी थंडीत फळं आली. कुसुमताई अन् सासरे दोघंही नर्सरीत आले, टोपलीत पंधरा-वीस फळं. त्या दिवशी मालक बी होते, गिऱ्हाईक बी होते. असंच मले पाहिजे होतं, याच्याहून चांगला दिवस भेटला नसता. सासरे शिव्या देत होते. कुसुमताईनं एक फळ महादेवजीच्या हातावर ठेवलं.

महादेवजीले तोवर काहीच दिसत नोहतं. त्यायनं अंगठ्यानं साल चाचपली, नखानं खरवडून वास घेतला. मंग माह्या बाजूले तोंड केलं. त्यायले समजलं होतं. बांधाकडची वळ कोणती, अन् त्या वळीतून चुकून पन्नास काढणारी बाई मी नोहे, हे त्यायच्याइतकं कोणाले ठाऊक होतं? मी तयार होती. मनात म्हणलं, घ्या माहं नाव, मंग सारंच काढते, तुमची शाल बी काढते.

ते म्हणाले, "मालक, मले सात वर्षांपासून दिसत नाही. ह्या झाडायची निवड माही, चूक माही. अन् डोळे मी भरतच नाही. सुभद्रा भरते. तिच्या हातचं कलम खोटं निघत नाही."

सारे माह्याकडं पाहत होते. जे मले त्या मांडवात पाहिजे होतं, भोंग्यावरून, साहेबांपुढं, ते त्यायनं आता दिलं. कदी दिलं, पाह्य! अन् मले पाझर फुटला असन, असं तुले वाटून राह्यलं का? नाही. मले राग आला. पाच वर्षं राखलेला बदला त्या म्हाताऱ्यानं माह्या हातातून काढून घेतला, अन् वरून मले खरी करून ठेवली. मी तोंड उघडलं असतं तर त्यायची चूक माहीच झाली असती. मी तोंड उघडलं नाही.

त्या हप्त्यात मालकानं त्यायले काढलं. जाताना त्यायनं चाकू माह्या हातात दिला अन् म्हणाले, धार लावत जाय. दुसरं काही नाही. मानोऱ्याकडं पोरीच्या घरी गेले, तिथंच वारले. मी माती द्यायले गेली नाही. कुसुमताईच्या सासऱ्यानं पन्नासही झाडं तोडली. पुढच्या पावसात एसटीतून मले त्या अर्ध्या एकरात तूर दिसली.

अन् मले काय झालं? मालकानं मले मुख्य माळीण केलं. पुढच्याच वसंतात झाडायची विक्री भरली, मांडव, भोंगा, सारं तसंच. फरक इतका, की डोळा कसा भरावा हे सांगायले मी उभी होती. नऊवारीचा पदर खोचून, साऱ्यायपुढं भरून दाखवला. टाळ्या पडल्या. शाल मले भेटली.

बायायच्या बाजूनं पुढच्याच वळीत कुसुमताई बसल्या होत्या. भाषण झाल्यावर माह्याजवळ आल्या. पैल्यापेक्षा वाळल्या होत्या. माहा हात धरून म्हणाल्या, "मी तवाच विचारलं होतं, बायायनं भरला तर चालते का. माहं खरं निघालं ना वं?" इतका आनंद होता त्यायले, जसं काही ती शाल त्यायच्याच अंगावर पडली. मंग म्हणाल्या, आता एकच झाड पाहिजे, न्हाणीच्या पाण्यावर लावीन. तुमच्या हातानं निवडून द्या.

मी निवडून दिलं. पान चोळून, दोनदा वास घेऊन.

जाताना त्यायनं पिशवीतून एक बरणी काढली. म्हणाल्या, झाडं तोडली त्या दिवशी फळं फेकवली नाहीत माह्यानं, लोणचं घातलं. बागेचं इतकंच उरलं, तुमाले आणलं. मी घेतलं. घरी नेलं, ज्वारीच्या भाकरीसंगं खाल्लं. चांगलं मुरलं होतं. मी बरणी संपेस्तोवर खाल्लं, अन् धुऊन, त्याच्यात घरचा गूळ घालून, कुसुमताईले परत केली.